नववं आणि दहावं

ओझुर्गेतीत, औषधाच्या दुकानावर माझी खोली.
जिन्यात कापराचा वास,
खिडकीतून दिसतात सोडून दिलेले चहाचे मळे.
लोक लांबलचक आवाज घेऊन वर येतात
आणि तुकडे घेऊन खाली उतरतात.

त्सिआलाबाईंनी आणलं ते एकसंध होतं,
सहा तास एकेचाळीस मिनिटं.
त्र्याऐंशी सालची मेजवानी; कुणीतरी यंत्र लावलं
आणि रीळ बदलण्यापुरतं शुद्धीवर राहिलं.
पुढे भाच्याने सगळं जोडून एकच फाइल केली.
"चौदा गाणी आहेत. भावाला थेसालोनिकीला पाठवायचीत,
वेगवेगळी. पण आवाज बसता कामा नये."

बसत नाही, मी म्हणालो.
जे दाबून, पिळून पुन्हा भरतात, त्यांचा बसतो.
मी या भांड्यातून त्या भांड्यात ओततच नाही,
फक्त खूण करतो: इथे एक सरलं, इथे दुसरं लागलं.
सेकंदाचे पंच्याहत्तर भाग,
त्यातल्या एकाच्या काठावर सुरी.
मग तुकडे परत जोडून बघा,
बेरीज मूळ आकड्याशी जुळते, शेवटच्या अंकापर्यंत.
काठी मारून पाणी कधी दुभंगलंय?

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही.

रात्रभर ऐकत बसलो.
आमच्या गुरियात तिघे गातात
ते वाटणीला बसलेल्या तीन भावांसारखे:
एक वरच्या वर कोंबडा आरवावा तसा उडतो,
एक मधल्या बांधावर शब्द धरून राहतो,
तिसरा जमिनीलगत कुरकुरतो,
आणि भांडण हातघाईवर येणार
तेवढ्यात तिघेही एकाच स्वरावर येऊन उभे.
गाण्याआधी तिघे मिळून श्वास घेतात.
तो श्वास गाण्याचा की गाण्याआधीचा?
मी गाण्याला दिला. चौदाही वेळा.

बाकी सगळं उरलं ते असं:
मेलेल्यांच्या नावाने पेला, मुलांच्या नावाने पेला,
खुर्ची सरकते, कुणी तरी शिंकतं, सगळे जगो म्हणतात,
पोलिकार्पे एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतो,
मागे नळ वाहतोय.

दुसऱ्या दिवशी बाई ऐकायला आल्या.
नववं संपलं, थोडी गडबड,
आणि एक पोरगी दारातून ओरडली, "हात काढा रे!"
तिथेच माझी खूण.
दहावं लागलं ते तिच्या उरलेल्या वाक्याने:
"मचादी गरम आहे!"

"ही कोण मध्येच?" बाई म्हणाल्या.
मग गप्प झाल्या.
मांडीवरच्या पर्सची कडी उघडली, लावली, उघडली.
"परत लावा."
मी लावलं.
"परत."
एक घाव, दोन तुकडे,
एका कणाचीही तूट नाही,
आणि वीस वर्षांची बाई
अर्धी नवव्यात, अर्धी दहाव्यात.

चौथ्या वेळी त्या हसल्या.
"तळ करपला होता त्या भाकरीचा. कुणी बोललं नाही."

कुठे ठेवू, विचारलं.
नवव्याच्या शेवटी, की दहाव्याच्या तोंडाशी?
वेगळा तुकडाही करता येईल, पंधरावा, दीड सेकंदाचा.

त्या बराच वेळ खिडकीतून बघत राहिल्या,
मळ्यांत आता नेचे माजलेत.
"पंधरावा नको, भाऊ विचारत बसेल.
दहाव्यातही नको, त्यात पोलिकार्पे आहे,
माझं त्याच्याशी कधी जमलं नाही.
नवव्याला द्या.
नववं म्हणणाऱ्यांना भूक लागली होती."

मी खूण दीड सेकंद पुढे सरकवली.
बेरीज पुन्हा तपासली, जुळत होती, ती आधीही जुळतच होती.
बिल चौदा गाण्यांचं केलं.
त्यांनी सुटे मोजून दिले, आणि वर आंबट आलुबुखारच्या चटणीची एक बाटली
जिचं झाकण मला अजून उघडलेलं नाही.

थेसालोनिकीत भाऊ म्हणेल,
नवव्याच्या शेवटी काहीतरी चुकून राहिलंय.
म्हणू दे.